एकशे चौदा नंबरच्या झाडाची किंमत

१२ जानेवारी

टिल्लू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच बाजूला ठेवशील, असं वाटतं. ठेव. फाडू मात्र नकोस. यात काही मागणं नाही, की 'झालं गेलं विसरून जा' असली शहाणपणाची गोष्टही नाही. तुला टिल्लू म्हणायचा हक्क मला राहिलाय का, हे मला माहीत नाही. पण पंचेचाळिशीला आलेल्या माणसाला 'प्रिय बंधू' लिहायला घेतलं तर ते दुसऱ्याच कुणाला तरी लिहिल्यासारखं वाटलं.

चार वर्षांत मी तुला तीन पत्रं पाठवली. तिन्हींत माझा गुडघा, घराचं भाडं आणि पोरीची चौकशी. तू उत्तर दिलं नाहीस. उत्तर द्यावं असं त्यांत काही नव्हतंच.

आज लिहायचं कारण कामाचं आहे. आमच्या वृक्ष खात्यात नवे साहेब आलेत. सोमवारी त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "बाई, एकाच झाडाची रस्तेवाले एक किंमत सांगतात, विमावाले दुसरी, आपण तिसरी. कोर्टात आपलं हसं होतं. सगळ्या पद्धती एका झाडावर लावून दाखवा आणि यापुढे कुठली धरायची ते सांगा."

"कुठलं झाड घेऊ?"

"ज्याची सगळी मापं तयार आहेत असं. एकशे चौदा घ्या. इतकी जाड फाइल दुसऱ्या कुठल्या झाडाची नाही."

ते बाहेरून आलेत. एकशे चौदा म्हणजे काय, हे त्यांना माहीत नाही. मी 'बरं' म्हणाले आणि फाइल घेऊन जागेवर आले.

सगळ्यात वर अपघाताचा कागद आहे. तुझ्या बायकोचं नाव, वय छत्तीस, परिचारिका, वेळ दुपारी एक चाळीस, दवाखान्यासमोरचा शिरीष, पडलेल्या फांदीची लांबी साडेसहा मीटर. तिच्याबद्दल आमच्या खात्याने लिहिलेलं एवढंच. त्याच्याखाली तुझ्या भरपाईच्या अर्जाला दिलेलं उत्तर: झाड निरोगी असल्याची नोंद असल्यामुळे ही घटना नैसर्गिक आपत्ती समजावी. आणि त्याच्याखाली ती नोंद. खाली माझी सही.

दवाखान्याच्या बोळात तू मला विचारलं होतंस, "ताई, तूच तपासलं होतंस ना ते? बरं होतं ना झाड?" मी हो म्हणाले होते. नंतर तू सुनावणीला ये म्हणालास, तर मी आजारपणाची रजा टाकून घरात बसले. महिनाभराने तू पोरीला घेऊन शहर सोडलंस.

मला जे दिसलं तेच मी लिहिलं होतं. एवढंच तेव्हा म्हणाले, आजही तेच म्हणते.

ताई


३० जानेवारी

टिल्लू,

पत्र परत आलं नाही. म्हणजे पोचलं असावं.

काम चालू आहे. तू चष्म्याच्या काचा घासणारा माणूस. पाव नंबर इकडचा तिकडे झाला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभं राहतं, असं तू सांगायचास. आमच्या कामात गिऱ्हाईक बोलत नाही. म्हणून आमचे आकडे कसे निघतात ते तुला सांगते. तुला कंटाळा आला तर पान उलट.

पहिली पद्धत खोडाची. छातीइतक्या उंचीवर टेप लावून घेर घ्यायचा, त्यावरून खोडाचा छेद किती चौरस सेंटिमीटर ते काढायचं, आणि दर चौरस सेंटिमीटरला ठरलेला भाव लावायचा. त्याला मग गुणांकांनी गुणायचं. जात कुठली, जागा कशी, अवस्था कशी. प्रत्येक गुणांक शून्य ते एकच्या मधला. झाड ठणठणीत असेल तर अवस्था एक, मेलेलं असेल तर शून्य. या पद्धतीने एकशे चौदाची किंमत निघाली सहा लाख चाळीस हजार.

दुसरी पद्धत बदलीची. हे झाड गेलं तर नवं उभं करायला काय लागेल? रोपवाटिकेत मिळणारं सगळ्यात मोठं झाड, ते आणायची गाडी, खड्डा, माती, तीन वर्षांचं पाणी. सगळं मिळून पंचावन्न हजार. साठ वर्षांच्या झाडाच्या जागी मनगटाएवढं खोड, आणि म्हणायचं फिटली किंमत. रस्तेवाल्यांना हीच पद्धत आवडते, यात नवल नाही.

तिसरी उपयोगाची. सावलीमुळे समोरच्या इमारतीची किती वीज वाचते, किती पाणी गटारात जायच्या आधी अडतं, किती धूळ पानांवर बसते. वर्षाचा हिशेब काढायचा आणि झाड आणखी जितकी वर्षं जगेल तितक्यांनी गुणायचं. मी चाळीस वर्षं धरली. एकतीस लाख आले.

पंचावन्न हजार, सहा लाख चाळीस, एकतीस लाख. झाड तेच. साहेबांनी आकडे बघितले आणि म्हणाले, "बाई, ही काय मंडई आहे?" मी म्हणाले, मंडईत निदान माल समोर असतो.

जागेच्या गुणांकाबद्दल सांगायचं राहिलं. तो ठरवायला झाडाखाली किती माणसं थांबतात ते मोजावं लागतं. जितकी माणसं जास्त, तितकी झाडाची किंमत जास्त. अपघाताच्या वर्षी, झाडाची पहिली तपासणी करताना, मी तीन दिवस भर दुपारी समोरच्या फुटपाथवर वही घेऊन उभी होते. तिसऱ्या दिवशी ती दवाखान्यातून डबा घेऊन बाहेर आली, नेहमीच्या बाकावर बसली, आणि मला बघून रस्त्यापलीकडून ओरडली, "वन्सं, मला पण मोजलंत का?"

मी मान डोलावली. खरंच मोजलं होतं. त्या दिवशीच्या सदतीस माणसांत ती अठरावी होती. वहीत तसा आकडा आहे.

हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

ताई


१९ फेब्रुवारी

टिल्लू,

तुझं कार्ड आलं. चार वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, आणि मजकूर केवढा, तर एक ओळ. 'अवस्थेचा गुणांक किती लिहिला होतास?'

तू नेमकं तेच विचारणार, हे मला कळायला हवं होतं. मागच्या पत्रात मी तीन गुणांक सांगितले आणि आकडा एकाचाही दिला नाही. लहानपणीही मी डब्यातून काही काढून खाल्लं की तू डबा उघडायचा नाहीस, नुसतं माझ्याकडे बघत राहायचास.

दशांश आठ लिहिला होता. दशांश तीन असायला हवा होता.

पहिल्या पत्रात 'जे दिसलं तेच लिहिलं' असं मी म्हणाले, ते खोटं आहे. बोळात जे म्हणाले तेही खोटं होतं. आता सगळं एकदाच सांगते.

त्या रस्त्यावर शिरिषाची चाळीस झाडं होती. रस्ता रुंद करायचा ठरला होता आणि रस्तेवाल्यांना सगळीच काढायची होती. नियम असा, की पाच लाखांच्या वरचं झाड समितीच्या मंजुरीशिवाय तोडता येत नाही, आणि समिती सहसा मंजुरी देत नाही. पाच लाखांच्या खालचं झाड साधा अधिकारी एका सहीवर तोडू शकतो. एकशे चौदा रांगेच्या तोंडाशी होतं. ते गेलं असतं तर यंत्रं आत शिरली असती आणि मग पुढची झाडं कोण वाचवणार, असं मला वाटलं होतं.

तपासणीला माझ्याबरोबर आमचे माळीकाका होते. तीस वर्षं झाडं बघितलेला माणूस. ते लाकडी हातोडीने खोड आणि मोठ्या फांद्यांची बुडं ठोकून बघायचे, डॉक्टर छाती ठोकून बघतो तसे. शिडीवरून रस्त्याकडच्या मोठ्या फांदीचं बूड त्यांनी दोनदा ठोकलं. खाली उतरले आणि म्हणाले, "बाई, पोकळ आहे. वरून हिरवं दिसतंय, पण आत काही राहिलेलं नाही."

मी म्हणाले, "काका, खरं लिहिलं तर हे अडीच लाखांवर येतं. उद्या सकाळी कापतील. आणि पुढच्या आठवड्यात सगळी रांग."

त्यांनी हातोडी पिशवीत ठेवली. मग म्हणाले, "झाड वाचवायचंय तर वाचवा. मी काही म्हणणार नाही. पण ती एक फांदी उतरवा. नाहीतर खालचा बाक तरी हलवा."

फांदी उतरवायची तर कारण लिहावं लागलं असतं, आणि कारण लिहिलं की आठाचे तीन झाले असते. पण बाक हलवायला कुणाची परवानगी लागत नव्हती. दोन माणसं आणि अर्धा तास. तो मी का हलवला नाही ते ऐक. बाक हलवला असता तर माणसं हलली असती. माणसं हलली असती तर जागेचा गुणांक उतरला असता. मी गुणाकार करून बघितला होता. दशांश आठ धरूनही किंमत पाच लाखांच्या खाली जात होती. म्हणून मी बाक राहू दिला.

ती माणसं कोण आहेत हे मला माहीत होतं. त्यांतल्या एकीने मला हाक मारली होती. समितीचा निर्णय झाला की लगेच बाक हलवू, फांदी उतरवू, पावसाळ्याच्या आत सगळं करू, असं मी मनात धरलं होतं. निर्णय बुधवारी होणार होता. फांदी सोमवारी पडली. वारा नव्हता. तिच्या शेजारी बसणारी दुसरी परिचारिका पाणी आणायला आत गेली होती, म्हणून ती वाचली.

चौकशीत पडलेली फांदी कुणी आतून बघितली नाही, आणि माळीकाकांनाही कुणी काही विचारलंच नाही. ते मला नंतर एकदाच म्हणाले, "बाई, मी मोठ्याने बोलायला पाहिजे होतं." मी त्यांना म्हणायला हवं होतं, की काका, तुम्ही बोललात, मीच ऐकलं नाही. तेही म्हणाले नाही. ते निवृत्त झाले, आणि गेल्या वर्षी गेले. हे ओझं घेऊनच गेले असतील.

तुझा दावा माझ्या दशांश आठमुळे बुडाला. झाड निरोगी म्हणून आपत्ती नैसर्गिक, आणि नैसर्गिक म्हणून कुणाचा दोष नाही. सुनावणीला मी आले असते तर मला विचारलं असतं. म्हणून आले नाही.

तू मला काय म्हणावंस याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तू जे म्हणशील ते त्यात असेलच.

ताई


८ मार्च

टिल्लू,

सोबत चार कागद आहेत. जपून ठेव. वकिलाला मूळ प्रत देऊ नकोस, झेरॉक्स दे.

तुलनेचा अहवाल मी मागच्या आठवड्यात समितीपुढे ठेवला. आठ माणसांची समिती, लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. मी तिन्ही पद्धती समजावून सांगितल्या. मग दुसरा तक्ता काढला. एकशे चौदाच, पण खरी अवस्था धरून. खोडाची पद्धत: दोन लाख चाळीस हजार. उपयोगाची: पोकळ झाडाला चाळीस नाही, फार तर तीन वर्षं, म्हणून दोन लाख बत्तीस हजार. बदलीची: पंचावन्न हजार, जागेवरून ढळली नाही, कारण त्या पद्धतीला जुनं झाड पोकळ आहे की भरीव याच्याशी घेणंदेणंच नाही.

रस्ते खात्याचे इंजिनिअर म्हणाले, "एका झाडाच्या दोन अवस्था कशा?"

"पहिली खोटी आहे. ती मी लिहिली आहे."

मी लेखी जबाब पुढे सरकवला. साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला, परत घातला. म्हणाले, "बाई, तुमच्याकडे तुलना मागितली होती. कबुलीजबाब नाही."

"तुलनेचा निष्कर्षच तो आहे, साहेब. तिन्ही पद्धतींत एक तरी जागा अशी आहे जिथे तपासणारा म्हणेल ते खरं. तिथे एकाची सही पुरत नाही, दोघांची पाहिजे. दुसरी सही झाड ठोकून बघणाऱ्याची. आणि झाडाखालची माणसं मोजाल, तर ती किमतीच्या तक्त्यात घालायच्या आधी धोक्याच्या तक्त्यात घाला."

"हे तुम्ही चार वर्षांपूर्वी का नाही सांगितलंत?" एक म्हातारे सदस्य होते, त्यांनी विचारलं. रागावून नाही, साधंच.

"भीती वाटली."

"नोकरीची?"

"नाही. भावाची."

तेव्हा तुझ्याबद्दल पहिल्यांदा त्या खोलीत बोलणं झालं. त्यांना नातं माहीत नव्हतं.

मग इंजिनिअर जे बोलायचं ते बोलले. या बाईंनी एका झाडाला खोटी किंमत दिली, तर त्यांच्याच आकड्यांवर चार वर्षं उभ्या असलेल्या उरलेल्या एकोणचाळीसांचं काय धरायचं? सगळे आकडे रद्द करा. मला याचीच धास्ती होती आणि त्यांचं चुकत नव्हतं. मी त्या झाडांसाठी खोटं बोलले, आणि आता खरं बोलले तर तीच झाडं उघड्यावर आली. ठरलं असं, की बाहेरचे दोन तपासनीस येऊन एकेक झाड नव्याने बघतील.

मला निलंबित केलं आहे. टेबलाची किल्ली जमा केली, हातोडी जमा केली. माळीकाकांची होती ती. खात्याची वस्तू, ठेवून घेता येत नाही.

जबाबाची प्रमाणित प्रत, दोन्ही तक्ते आणि समितीच्या इतिवृत्ताचं पान पाठवते आहे. एवढ्यावर दावा पुन्हा उघडता येतो, असं मी विचारून घेतलं आहे. साक्षीला मला बोलाव. या वेळी मी आजारी पडणार नाही.

ताई


२४ जून

टिल्लू,

शुक्रवारी बसस्टॉपवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं. तुझी बस आली आणि तू चढलास. उरलेलं इथे लिहिते.

आधी झाडांचं सांगते, कारण तू विचारलंस, आणि तू विचारशील असं मला वाटलं नव्हतं. तपासणी पूर्ण झाली. एकोणचाळीसांतली अकरा गेली. त्यांतल्या चार झाडांचे माझे आकडेही फुगवलेले निघाले. मी मुद्दाम फुगवले नव्हते, पण एकदा हात सैल झाला की कळत नाही. अठ्ठावीस झाडं राहिली, आणि त्यांच्या किमतीवर आता दोन सह्या आहेत. रस्ता एका बाजूनेच रुंद होतोय. मी बघायला गेले होते. अकरा बुंधे ओळीने. दोन तर भरीव होते, अगदी आतपर्यंत. त्यांच्याजवळ मी थोडा वेळ थांबले.

आता सुनावणीचं. तू तिकडच्या टोकाला बसलास, मधे पाच खुर्च्या. तुझे केस इतके पांढरे झालेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी साक्ष देताना तू एकदाही वर बघितलं नाहीस. मला ते सोपं गेलं. समोरच्या वकिलांनी विचारलं, "फांदी पडू शकते हे तुम्हाला माहीत होतं?" मी हो म्हणाले. बोळातलाच शब्द तो, पण या वेळी खरा.

मग न्यायाधीशांनी भरपाई कशी काढली ते वाचून दाखवलं. तिचं वय, तिचा महिन्याचा पगार, तिच्यावर अवलंबून असलेली माणसं, नोकरीची उरलेली वर्षं, आणि मधे एक गुणांक. तेव्हा तू पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंस. मधल्या पाच खुर्च्या ओलांडून माझ्या शेजारी येऊन बसलास आणि हळूच म्हणालास, "ताई, माणसाचं पण असंच काढतात?"

मी म्हणाले, "असंच."

"कुठल्या पद्धतीने?"

"कमाईच्या."

"दुसऱ्या पद्धती नाहीत?"

"आहेत. त्यांत आकडे वेगळे येतात."

तू हात पुढे केलास. मला वाटलं, पाणी हवंय. तर तू त्या हिशेबाची तुला मिळालेली प्रत माझ्या हातात दिलीस, "गुणाकार बरोबर आहे का बघ," म्हणून. मी पेन्सिल काढली आणि तपासला. बरोबर होता. खाली मी बरोबरची खूण केली, तेव्हा कागद तू काढून घेतलास. तिच्यासाठी चार वर्षांत आपण दोघांनी मिळून केलेलं ते पहिलं काम.

तू मला माफ केलं नाहीस. बसस्टॉपवर स्पष्ट म्हणालास, "माफ नाही करता येत. प्रयत्न करून बघितला." बरं झालं बोललास. मी त्याची वाट बघत नाही, हे तुला कळावं.

पण बस दिसल्यावर तू एक विचारलंस. पोरगी नऊ वर्षांची झाली, तिला माझी पत्रं सापडली, आणि ती विचारते, आत्या काय करते? तू म्हणालास, "काय सांगू तिला?" आणि चढलास.

मी चार दिवस विचार केला. निलंबनानंतर मला सक्तीने निवृत्त केलं आहे. सध्या एका रोपवाटिकेत सकाळी जाते, रोपांच्या पिशव्या भरते. पण तिने ते विचारलेलं नाही, असं मला वाटतं.

तिला सांग, आत्या झाडं तपासायची. झाड कसं आहे ते लोकांना खरंखरं सांगायचं, हे तिचं काम होतं. एकदा तिने खरं सांगितलं नाही.

एवढंच सांग. ती पुढचं विचारेल. ती आईसारखी असेल तर नक्की विचारेल. तेव्हा तू काही सांगू नकोस. माझा पत्ता दे. ते सांगणं तुझं काम नाही, माझं आहे. ती ज्या दिवशी विचारेल त्या दिवशी मी येईन, आणि तिच्यासमोर बसून सांगेन. बाकाचंसुद्धा.

ताई